जवळ्यामागचा समुद्र : प्राणिप्लवकांचे ऋतुचक्र

खानदेशातील आठवडी बाजारात सुक्या मासळीच्या पाट्या लागतात, तेथे बोंबलांच्या जुडीशेजारी गुलाबी-करड्या रंगाचा एक ढीग बहुधा असतोच. हा जवळा. वरणगाव, भुसावळ, यावल या भागातील अनेक घरांत कळण्याच्या भाकरीबरोबर तो चवीने खाल्ला जातो. मूठभर जवळा हातात घेऊन निरखला, तर त्यातील प्रत्येक काडी म्हणजे एक पूर्ण प्राणी असल्याचे दिसते. त्याला लांब मिशा असतात, कवचाचे वळसे असतात आणि टोकाशी डोळ्यांचे दोन काळे ठिपके असतात. शास्त्रीय परिभाषेत त्याचे नाव असेटिस इंडिकस. कोळंबीच्या नात्यातला हा जीव जेमतेम दोन ते चार सेंटिमीटर लांबीचा. प्रवाहाविरुद्ध पोहून जाण्याचे बळ त्याच्या अंगी नाही. भरती नेईल तिकडे जायचे आणि ओहोटी आणील तेथे यायचे, हे त्याचे जीवन. म्हणूनच त्याची गणना प्राणिप्लवकांत केली जाते. डोळ्यांनी सहज दिसणारा, जाळ्यात धरता येणारा आणि थेट आपल्या ताटात येणारा असा प्राणिप्लवक विरळाच.

वरणगावचा आणि समुद्राचा संबंध एवढ्यावरच संपत नाही. गावापासून जवळच तापी नदीवर हतनूरचे धरण आहे. तेथून सुटलेले पाणी जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या कडेकडेने वाहत उकाईच्या जलाशयात जाते आणि पुढे सुरतेजवळ खंबायतच्या आखातात समुद्राला मिळते. तापीसह नर्मदा, मही, साबरमती या नद्यांचा गाळ याच आखातात येऊन पडतो. भरती-ओहोटीतील फरक तेथे दहा मीटरच्याही वर जातो. हा गढूळ, सतत ढवळलेला समुद्र आखातापासून खाली मुंबईपर्यंत पसरलेला आहे, आणि जवळ्याला तोच सर्वाधिक मानवतो. तापीचा गाळ ज्या दर्याला मिळतो, त्याच दर्याचा जवळा सुकून पुन्हा तापीकाठी विकायला येतो, असे म्हणायला हरकत नाही.

प्लवक म्हणजे काय?

पाण्यात तरंगत, प्रवाहाच्या स्वाधीन राहून जगणाऱ्या सर्व जीवांना मिळून प्लवक म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सन याने १८८७ मध्ये 'प्लँक्टन' ही संज्ञा रूढ केली. ग्रीक भाषेतील 'भटकणारा' या अर्थाच्या शब्दावरून ती आली आहे. यांपैकी सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करणारे ते वनस्पतिप्लवक, आणि त्यांना किंवा एकमेकांना खाणारे ते प्राणिप्लवक. समुद्रातील बहुतेक मासे वनस्पतिप्लवक थेट खात नाहीत. सूक्ष्म शेवाळात साठलेली सूर्याची ऊर्जा बांगड्यापर्यंत, सुरमईपर्यंत पोहोचते ती मुख्यतः प्राणिप्लवकांच्या मार्फत. मधला हा दुवा दुबळा झाला, तर वर कितीही मोठी होडी आणि खाली कितीही मोठे जाळे असले तरी उपयोग नाही.

प्राणिप्लवकांत कोपेपॉड या अतिसूक्ष्म कवचधारी प्राण्यांचे राज्य असते. किनारी पाण्यातून घेतलेल्या नमुन्यात बहुधा ७० ते ९० टक्के प्राणी तेच असतात. त्यांच्या जोडीला काचेच्या सुईसारखे पारदर्शक व अत्यंत खादाड बाणकृमी असतात. जेलीफिश आणि तिच्यासारखे दिसणारे लिबलिबीत कंगवाधारी जीव असतात. त्याखेरीज तात्पुरत्या पाहुण्यांचा मोठा वर्ग आहे. खेकडे, कोळंबी, कालवे, शिंपले, इतकेच काय पण खडकाला आणि जहाजाच्या बुडाला जन्मभर चिकटून बसणारी बार्नेकल हेसुद्धा आयुष्याचे पहिले काही दिवस किंवा आठवडे प्लवक म्हणून तरंगत काढतात. बहुतेक खाद्य माशांची अंडी व डिंभकही याच गर्दीत असतात. पुढच्या वर्षीची मासळी किती मिळेल, याचा पहिला निकाल येथेच लागतो.

संख्या वेगळी, विविधता वेगळी

प्राणिप्लवकांच्या ऋतुमानाविषयी वाचताना दोन शब्द नेहमी जोडीने येतात : विपुलता आणि विविधता. वाचक ते समानार्थी समजण्याची चूक करतो. रावेर-यावलकडील केळीचे मळे डोळ्यांसमोर आणावेत. एका एकरात हजाराहून अधिक झाडे, पण जात एकच. उलट सातपुड्याच्या उतारावरील तेवढ्याच तुकड्यात झाडे कमी असतील, परंतु साग, सलई, अंजन, मोह, पळस अशा कितीतरी जाती सापडतील. समुद्रातही असेच दोन प्रकारचे हंगाम येतात, आणि पश्चिम किनाऱ्यावर त्यांची अदलाबदल घडवून आणतो तो मोसमी पाऊस.

गोव्याच्या मांडवी व जुवारी नद्यांची मुखे या दृष्टीने चांगली अभ्यासली गेली आहेत. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १ जानेवारी १९६६) याच दोन नद्यांच्या मधोमध वसलेली असल्याने शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेच्या दारातच हे क्षेत्र मिळाले. फेब्रुवारी ते मे या काळात नदीला वरून फारसे पाणी नसते, म्हणून समुद्राचे खारे पाणी खाडीत दूरवर शिरते. त्याबरोबर समुद्रातील जातीही आत येतात. खाडीच्या पाण्यात जातींची संख्या या दिवसांत सर्वांत मोठी भरते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की काही दिवसांतच चित्र पालटते. वरून येणारा गोड्या पाण्याचा लोंढा खारेपणा उतरवतो, पाणी गढूळ होते आणि समुद्री जाती बाहेर ढकलल्या जातात. मागे उरतात त्या कमी क्षारता सोसणाऱ्या मोजक्या जाती. ऑक्टोबरनंतर पाणी पुन्हा हळूहळू खारे होत जाते आणि गेलेले पाहुणे क्रमाक्रमाने परततात.

मग हाकलल्या गेलेल्या आणि वर्षाकाठी नेमाने परतणाऱ्या या जीवांपैकी खाडीचे कायमचे रहिवासी जातात कोठे? अकार्शिया या कुळातील कोपेपॉडांनी यावर एक तोडगा काढला आहे. परिस्थिती प्रतिकूल होऊ लागली की त्यांच्या काही जाती जाड कवचाची, लगेच न उबणारी अंडी घालतात. ही अंडी तळाच्या चिखलात पडून राहतात आणि पाण्याचे गुण जुळले की फुटतात. खाडीचा चिखल म्हणजे त्यांची बियाण्याची कणगीच.

हीच युक्ती आपल्या हतनूरच्या पाण्यातही चालते, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. गोड्या पाण्यातील प्राणिप्लवकांत रोटिफर, पाणपिसवा व कोपेपॉड हे तीन मुख्य गट. पाणपिसू ही अनुकूल काळात नराविनाच भराभर वंश वाढवते. संकट दिसू लागले की मात्र नर जन्मतात आणि मग जी अंडी होतात ती एका टणक डबीत बंद असतात. तळे आटले, चिखल भेगाळला तरी ती टिकतात. पहिल्या पावसानंतर कोरड्या डबक्यात अचानक जीव वळवळू लागतात, ते पाहून पूर्वीच्या लोकांना ते आभाळातून पडले असे वाटत असे.

मात्र जलाशयाचे ऋतुमान समुद्रासारखे नसते. हतनूरच्या धरणाला ४१ दरवाजे आहेत. तापी आणि पूर्णा यांचा संगम वरच्या बाजूला चांगदेव येथे होतो आणि दोन्ही नद्यांचा पूर एकदम आला की हे दरवाजे उघडावे लागतात. त्या दिवसांत जलाशय हा जलाशय राहत नाही, ती पुन्हा नदी होते. प्लवकांना वाढायला लागणारे संथ पाणीच उरत नाही आणि आहेत ते वाहून जातात. दख्खनच्या बहुतेक जलाशयांत म्हणूनच पावसाळ्यात प्राणिप्लवक घटतात आणि पाणी निवळल्यावर हिवाळा-उन्हाळ्यात वाढतात. हतनूरच्या फुगवट्यावर थंडीत उतरणारी थापट्या बदके पाण्याच्या पृष्ठावर चोच सपाट धरून पुढे सरकत असतात, ती हेच पीक कापत असतात. त्यांच्या रुंद चोचीच्या कडेला बारीक दातऱ्यांची झालर असते. तिच्यातून पाणी गाळले जाते आणि पाणपिसवा, कोपेपॉड मागे उरतात. वरणगावची चातक निसर्ग संवर्धन संस्था या पाणवठ्यावर पक्षीगणना करीत असते. पक्षी मोजणे हा एका अर्थाने पाण्यातील न दिसणारे जीव मोजण्याचाच आडवळणाचा मार्ग होय.

पावसाळ्यातील सुगी

खाडीतून बाहेर, उघड्या किनारी समुद्रात गेले की पावसाळ्याचा परिणाम उलटा होतो. नैऋत्य मोसमी वारे आणि त्यांच्याबरोबर बदलणारे प्रवाह यांमुळे केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यालगत पृष्ठभागाचे पाणी दूर सरते आणि खोलातील थंड, क्षारयुक्त पाणी वर येते. शेताला खत मिळावे तसा हा प्रकार. वनस्पतिप्लवक फोफावतात आणि मागोमाग त्यांना खाणारे वाढतात. या घटनेचा जोर दक्षिणेस अधिक; गोव्याकडे तो मंदावतो आणि महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यावर फारसा जाणवत नाही. या सुगीच्या काळात पेनिलिया व इव्हॅडने या पाणपिसवांच्या समुद्री बहिणी कधीकधी एवढ्या माजतात की जाळीत दुसरे काही दिसू नये. नराविना वंश वाढविण्याची तीच कला येथे कामी येते. संख्या आभाळाला भिडते आणि विविधता तळाशी जाते. केळीच्या मळ्याचाच हा प्रकार.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून कोळी बांधव होड्या पाण्यात लोटतात, आणि पुढील महिन्यांत मालवण-रत्नागिरीकडे बांगड्यांचे थवे किनाऱ्याशी येतात. रापणकरांची जाळी भरतात ती या पावसाळी सुगीवर पोसलेल्या मासळीने. जून-जुलैतील मासेमारीबंदीचा विचारही माशांच्या विणीच्या हंगामाशी जोडलेला आहे. परंपरेने सणाच्या रूपाने जे पाळले, त्याला आज कायद्याचे रूप मिळाले आहे, इतकेच.

पण या सुगीला एक काळी बाजू आहे. वाढलेले प्लवक मरून तळाशी कुजू लागतात आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात तळाचे पाणी जवळजवळ प्राणवायुरहित होते. नैसर्गिक कारणांनी निर्माण होणारे अशा प्रकारचे जगातील हे सर्वांत मोठे किनारी क्षेत्र असल्याचे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली 'नेचर' नियतकालिकातून जगापुढे आणले. गोव्यातील कांदोळीसमोरच्या समुद्रात १९९७ पासून या बदलांची सलग नोंद सुरू झाली. अशा काळात प्राणिप्लवकांना वरच्या पातळ थरात दाटीवाटीने राहावे लागते. एरवी ते दिवसा खोल अंधारात लपतात आणि रात्री चरायला वर येतात. खालची खोली श्वास घेण्याजोगी उरली नाही की लपण्याची जागाच जाते आणि माशांचे आयते फावते.

हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्राची पाळी येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येकडील कोरडे, थंड वारे पृष्ठभागाचे पाणी गार करतात. गार पाणी जड होऊन खाली बसते आणि ढवळणीत खालचे पोषक क्षार वर येतात. एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही यंत्रणा मांडली. याच अभ्यासकांना आणखी एक कोडे पडले होते. दोन मोसमांच्या मधल्या काळात वनस्पतिप्लवक अगदी कमी होतात, तरी खुल्या अरबी समुद्राच्या वरच्या थरात प्राणिप्लवकांचा एकूण भार वर्षभर फारसा बदलत नाही. गवत नसताना गुरे पोसली जातात कशी? याचे उत्तर जिवाणूंत मिळाले. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य जिवाणू खातात, जिवाणूंना अतिसूक्ष्म एकपेशीय प्राणी खातात आणि त्यांच्यावर कोपेपॉड जगतात. शास्त्रीय वाङ्मयात हे कोडे 'अरबी समुद्राचा विरोधाभास' म्हणून प्रसिद्ध आहे.

डोल आणि जाळ्याची भोके

मुंबई, वसई, सातपाटी या पट्ट्यात जवळा व बोंबील पकडण्याची रीत म्हणजे डोल. नरसाळ्याच्या आकाराचे हे जाळे समुद्रात रोवलेल्या खुंटांना, प्रवाहाकडे तोंड करून बांधतात. कोळी माशाच्या मागे जात नाही, तर भरती-ओहोटीच मासळी जाळ्यात आणून सोडते. पोहता न येणाऱ्या जीवासाठी यापेक्षा योग्य साधन नाही. बोंबील हा जवळ्यावर जगतो, त्यामुळे एक आला की दुसरा मागोमाग येतो. ओला जवळा काही तासांतच खराब होतो, म्हणून उन्हाची खात्री असलेले कोरडे महिने सुकवणीचे. पावसाळ्यासाठी घरात साठवायचा आणि घाटापलीकडे पाठवायचा माल त्याच काळात तयार होतो. खानदेशात तो पोहोचतो तो या मार्गाने.

डोलीबद्दल मासेमारीतज्ज्ञांची तक्रार अशी की जवळा अडकावा इतकी बारीक भोके ठेवली की बोंबील, मांदेली, कोळंबी यांची पिल्लेही त्यातून सुटत नाहीत. ही तक्रार खरी आहे. परंतु ट्रॉलरसारखा तळ खरवडून काढणारा हा प्रकार नव्हे, हेही विसरता कामा नये. भोक किती मिलिमीटरचे असावे हा वाद किनाऱ्यावर अनेक वर्षे चालू आहे, आणि तो केवळ जवळ्याच्या पिकाकडे पाहून सुटणारा नाही.

गंमत अशी की नेमका हाच प्रश्न शास्त्रज्ञांच्या जाळ्यालाही लागू पडतो. १९६० ते १९६५ या काळात पार पडलेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांची जहाजे उतरली होती. भारताची 'आयएनएस किस्तना' त्यांत होती. सर्वांचे नमुने परस्परांशी ताडता यावेत म्हणून एकाच मापाचे, ३३० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे एक तृतीयांश भोकांचे जाळे ठरविण्यात आले. ते नमुने निवडण्यासाठी कोचीन येथे खास केंद्र उभारले गेले. हिंदी महासागरातील प्राणिप्लवकांचे पहिले व्यवस्थित नकाशे त्यातूनच निघाले. पुढे लक्षात आले की उष्ण प्रदेशातील कोपेपॉडांच्या पुष्कळ जाती या भोकांतून सहज निसटून जातात. म्हणजे 'समुद्रात अमुक इतके जीव आहेत' या विधानाचा अर्थ 'या जाळ्यात इतके अडकले' एवढाच असतो. शिवाय जाळे दिवसा ओढले की रात्री, भरतीत की ओहोटीत, यावरही आकडा बदलतो. पाणी किती गाळले गेले हे मोजण्यासाठी जाळ्याच्या तोंडाशी प्रवाहमापक बसवितात. मग नमुना फॉर्मॅलिनमध्ये टिकवून, समान भागांत विभागून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव ओळखून मोजावा लागतो. जातवार ओळख पटवणारी डोळस माणसे तयार व्हायला वर्षे लागतात, आणि तीच आज सर्वांत कमी आहेत.

ही मोजदाद का हवी, याचे कारण गेल्या काही दशकांतील बदलांत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये दाखवून दिले की पश्चिम हिंदी महासागरात तापमानवाढीमुळे सहा दशकांत वनस्पतिप्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले असावेत. तापलेला वरचा थर झाकणासारखा बसतो आणि खालचे क्षार वर येऊ देत नाही. दुसरी घटना अधिक नाट्यमय आहे. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायॅटम या काचकवची शेवाळांची सुगी येत असे. तिची जागा नॉक्टिल्युका या जीवाने घेतली आहे. तो स्वतः शिकार करतो आणि पोटात हिरव्या शेवाळपेशी बाळगून सूर्यप्रकाशावरही जगतो; अर्धा प्राणी, अर्धी वनस्पती. मूळच्या गोमंतकीय असलेल्या हेल्गा गोम्स व जोआकिम गोयश या अमेरिकेतील शास्त्रज्ञ दांपत्याने २०१४ मध्ये या फेरबदलाचा संबंध पसरत चाललेल्या प्राणवायूच्या टंचाईशी जोडला. कोपेपॉडांना नॉक्टिल्युका खाण्यास मोठा पडतो. त्याच्यावर ताव मारतात ते जेलीसारखे जीव, आणि जेली खाणारे मासे थोडेच.

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये जुहूच्या आणि कोकणातील काही किनाऱ्यांवर रात्रीच्या लाटा निळ्या उजळल्या, तेव्हा बघ्यांची गर्दी झाली आणि छायाचित्रे देशभर फिरली. तो प्रकाशही नॉक्टिल्युकासारख्या प्लवकांचाच असतो. किनाऱ्याजवळ चमकणारा प्रकार आणि खोल समुद्रातील हिरवा प्रकार यांत फरक आहे, त्यामुळे एका रात्रीच्या चमकेवरून समुद्र बिघडल्याचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्यासाठी एकाच ठिकाणी, एकाच जाळ्याने, महिनोन्महिने घेतलेले नमुने लागतात. २०१५ मध्ये दुसरी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम गोव्यातून सुरू झाली, तेव्हा तुलनेला हाताशी होते ते कोचीनला अर्धशतकापूर्वी निवडलेले नमुने आणि त्यांच्या नोंदी.

बाजारातून आणलेला जवळा परतण्यापूर्वी ताटात पसरून निवडतात. त्यात चिमुकले खेकडे, कोळंबीची पोरे आणि नखाएवढी मासोळी हमखास सापडते. किनाऱ्यावर जाळ्याच्या भोकांचा वाद चालू आहे, तो याच निवडून टाकलेल्या केरासाठी.